एकोणीस प्रश्नांचा कन्स्ट्रक्टर

आई, परवा तुमचा मृत्यूचा दाखला आणला.

खिडकीपलीकडच्या बाईंनी एकेक रकाना विचारत अर्ज भरून घेतला. नाव, पतीचं नाव, वय, मृत्यूचं ठिकाण, कळवणाऱ्याचं नातं. मी हिंदीत सांगत होते, त्या बंगालीत पुटपुटत इंग्रजीत लिहीत होत्या. मी मनातल्या मनात प्रश्न मोजत गेले. ही खोड तुम्हीच लावलेली. अकरा भरले, म्हणजे तुमच्यापेक्षा आठ कमी. मला तिथेच हसू फुटलं. मग त्या हसण्याचं भलतंच काही झालं आणि श्रीरंगने दंडाला धरून मला बाकावर बसवलं. रांगेतली माणसं बघत होती. त्यांना कुठे ठाऊक, की जिचा दाखला न्यायला आलोय तिने स्वतः तीस वर्षं वाईच्या नगरपालिकेत अशाच खिडकीमागे बसून गावाचे जन्म आणि मृत्यू लिहिले होते.

एक सांगायचं राहिलं. 'कायमचा पत्ता' या रकान्याला श्रीरंगने इथला, कोलकात्यातल्या बागबाजारचाच पत्ता सांगितला. मी तो तसाच लिहू दिला. तुम्ही असतात तर खिडकीतून हात घालून तो रकाना खोडला असतात.

चार वर्षांपूर्वी वाईच्या अंगणात घसरून तुमचं खुब्याचं हाड मोडलं आणि श्रीरंग, तुमचा लेक, तुम्हाला इथे घेऊन आला. त्याची बदली कोलकात्याला झालेली. तिसऱ्या मजल्यावरचं भाड्याचं घर, लिफ्ट नाही, आणि जिना असा उभा की धडधाकट माणसालाही कठडा सोडवत नाही. "बरं वाटलं की परत जायचं," असं तो म्हणाला होता. तुम्हाला बरं वाटलं, पण जाणं झालं नाही. तो जिना तुम्ही किती वेळा उतरलात ते बोटांवर सांगता येईल, आणि त्यातही निम्म्या वेळा डॉक्टरकडे जायला. बाकी सगळा वेळ खिडकी. खाली गल्लीतल्या ओट्यावर पेपर वाचणारे म्हातारे तुम्हाला कपड्यांवरून ओळखू यायचे. त्यांतल्या एकाला तुम्ही 'तलाठी' असं नाव ठेवलं होतंत.

समोरच्या दारातल्या रीनादीने एकदा इतिहास सांगितला. मराठ्यांच्या धाडींच्या भीतीने या शहराला खंदक खणला होता आणि तो इथूनच, बागबाजारपासून सुरू व्हायचा. तुम्ही डोळे बारीक करून ऐकलंत. मग मला म्हणालात, "म्हणजे आपल्या लोकांना आत येऊ द्यायचं नाही म्हणून एवढी खणाखणी, आणि मला मेलीला बाहेर पडता येईना." रीनादीला मी ते हिंदीत सांगितलं, तर ती पोट धरधरून हसली. तुम्ही हसला नव्हतात. मी ते पाहिलं होतं.

मीही कुठे मोकळी होते? माझं काम घरूनच. एका कंपनीत नव्याने लागलेल्या मुलामुलींना मी प्रोग्रॅमिंग शिकवते, रोज दहा ते एक, बेडरूमचं दार लोटून. तुम्ही दाराबाहेर खुर्ची टाकून मटार सोलत, लसूण निवडत बसायचात. मला वाटायचं, सुनेवर पहारा आहे. माझा नुसता तिळपापड व्हायचा. श्रीरंगजवळ एकदोनदा तक्रारही केली. तो म्हणाला, "अगं, तिला दुसरं आहे काय?" हे त्याचं नेहमीचं उत्तर, आणि ते खरं असल्यामुळे मला जास्तच चीड यायची.

मग एक दिवस जेवताना, आमटीचा भुरका मारता मारता तुम्ही म्हणालात, "वैशाली, तो सकाळचा मुलगा. त्याचं का अडलं होतं कळलं का तुला?"

मी म्हटलं, "कळलं. पण तुम्हाला काय कळलं ते तर सांगा."

"त्याच्या आईला नाव लागतं. त्या पोरीने आईला नाव दिलंच नाही. आई उभी राहिली नाही तर पोर कुठून उभी राहणार?"

वर्गात मी पॅरेंट क्लासला आई म्हणायची आणि तिच्याकडून गुण घेणाऱ्या चाइल्ड क्लासला पोर. तीच चूक शोधायला मला पंधरा मिनिटं लागली होती, आणि तुम्ही ती दाराआडून, पडदा न बघता, नुसती ऐकून धरली होतीत. त्या दिवशी मी माझा जुना लॅपटॉप तुमच्यासमोर ठेवला. मराठी अक्षरं उमटतील अशी सोय करून दिली. तुम्ही चष्मा पुसलात, पदर खोचलात आणि एका बोटाने टाइप करायला लागलात.

माझ्या वर्गातल्या इंजिनियरांना जे समजवायला मला आठवडा लागतो, ते तुम्हाला एका दुपारी समजलं. क्लास म्हणजे कोरा छापील अर्ज. ऑब्जेक्ट म्हणजे भरलेला अर्ज, एका खऱ्या माणसाचा. आणि कन्स्ट्रक्टर म्हणजे नवा ऑब्जेक्ट जन्माला येताना आपोआप चालतो तो भाग, जो सुरुवातीचे रकाने भरून घेतो. हे ऐकल्यावर तुम्ही खुर्चीत मागे रेललात. "म्हणजे मीच की गं," म्हणालात. "तीस वर्षं मी काय करत होते? खिडकीत बसून कन्स्ट्रक्टरचंच काम."

इनहेरिटन्स, म्हणजे वारसा, तर तुम्हाला माझ्याही आधी येत होता. जन्माचं रजिस्टर आणि मृत्यूचं रजिस्टर, दोन्हींचे पहिले चार रकाने सारखे. नाव, गाव, तारीख, कोणी कळवलं. "मग ते चार एकदाच लिहायचे, 'नोंद' नावाच्या क्लासात," तुम्ही म्हणालात, "आणि जन्माने नि मृत्यूने ते तिच्याकडून घ्यायचे. जन्माने आपलं वजन तेवढं वेगळं लिहायचं, मृत्यूने कारण." मी टाळ्या वाजवल्या. तुम्हाला आवडलं होतं, पण दाखवलं नाहीत. पुढे कुरबुर चालूच, की हे शहाणपण त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर शाई किती वाचली असती.

वादही तिथेच सुरू झाला. मी सांगितलं, की मुलीचा कन्स्ट्रक्टर चालायच्या आधी आईचा चालतो. तुम्ही बोलवा, नाही तर बोलवू नका. मुलीने आईचं नावही काढलं नाही, तरी भाषा गुपचूप आधी आईचा चालवते आणि मगच मुलीला तोंड उघडू देते.

"आणि मुलीला नको असेल तर?"

"नको म्हणायची सोय नाही. भाषेचा नियमच आहे तसा."

"ही कसली बाई भाषा! हिच्यात सासूशिवाय सुनेला उभंच राहता येत नाही."

"सून ही सासूची चाइल्ड क्लास नसते, आई," मी म्हटलं. "त्याला एक साधी परीक्षा असते. 'कुत्रा हा प्राणी आहे' असं म्हणता येतं, म्हणून कुत्र्याने प्राण्याकडून घ्यायचं. 'सून ही सासू आहे' असं म्हणता येतं का?"

तुम्ही लसणीची एक पाकळी सोललीत आणि म्हणालात, "आज नाही. वीस वर्षं थांब."

 

मग तुम्ही तुमचा मोठा प्रोग्राम हाती घेतलात. 'घरचं माणूस' हा पॅरेंट क्लास. त्याच्याकडून घेणारे 'मुलगा', 'लेक', 'सून' आणि 'पाहुणा'. तो पूर्ण झाल्यावर रीनादीला बोलावून तुम्ही तिलाच 'पाहुणा' म्हणून नोंदायला बसवलंत. ती बिचारी संध्याकाळच्या चहाला आली होती. कळ दाबली आणि प्रोग्राम विचारायला लागला. पूर्ण नाव. वडिलांचं नाव. जन्मगाव. जन्मवेळ. गोत्र. कुलदैवत. देवी टोचल्या होत्या का. तिखट चालतं की बेताचं. तुम्ही मराठीत वाचायचात, मी हिंदीत सांगायची, ती बंगालीत उत्तर द्यायची आणि तुम्ही ते एका बोटाने उमटवायचात. अकराव्या प्रश्नाला रीनादी उठली. "माशिमा, चा खेते एशेछिलाम, चाकरीर इंटरव्ह्यू दिते नॉय!" मावशी, चहाला आले होते, नोकरीच्या मुलाखतीला नाही. चहा तोवर गार झाला होता.

मी हसून हसून बेजार झाले. नवशिके सगळेच कन्स्ट्रक्टरमध्ये नको ते कोंबतात, पण जन्मनोंदणीच्या खिडकीचे झाडून सगळे रकाने, वर गोत्र आणि कुलदैवत, ही चूक फक्त तुम्हीच करू जाणे. आणि ते सगळं पॅरेंटच्या कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे कुणाचीच सुटका नाही. मुलगा असो, पाहुणा असो, आधी एकोणीस प्रश्नांची उत्तरं, मगच घरात पाऊल.

एकोणिसावा प्रश्न मला दुसऱ्या दिवशी दिसला. 'कुळाचार पुढे चालवणार ना? हो किंवा नाही.' मी सहज 'नाही' टाइप केलं. पडद्यावर तोच प्रश्न पुन्हा आला. पुन्हा 'नाही'. पुन्हा तोच प्रश्न. आत बघितलं तर तुम्ही त्याला फेरा लावून ठेवला होतात. 'हो' म्हणेपर्यंत तो विचारतच राहणार आणि तोवर ते माणूस पूर्ण होणारच नाही.

"आई, हा पिंजरा आहे. माणूस आत अडकून पडेल."

"अडकून कशाला? विचार करायला वेळ देते गं मी."

मी तुम्हाला पाठ दिला, की कन्स्ट्रक्टरमध्ये फक्त तेवढंच ठेवायचं ज्याच्यावाचून वस्तू उभीच राहणार नाही. बाकीचं नंतर, जसं लागेल तसं. तुम्ही म्हणालात, "मग सांग ना, माणूस कशावाचून उभं राहत नाही?" त्या एका प्रश्नावर आपण किती दुपारी भांडलो! गोत्र काढायला लावलं तेव्हा घरातलं जुनं भांडं मोडीत दिल्यासारखा तुमचा चेहरा झाला होता. देवी टोचल्या होत्या का, हे काढलंत. जन्मवेळ काढलीत. आठवड्याला एखादा प्रश्न जायचा. पण एकोणिसाव्याला हात लावू दिला नाहीत. "एवढा एक राहू दे," म्हणायचात. मीही हट्टाला पेटायची. लॅपटॉप तुमच्याकडे वळवून म्हणायची, "आधी तुम्ही सांगा, तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"

एकदाच तुम्ही उत्तर दिलंत. "मला कुठे कुणी विचारलं होतं?" म्हणालात आणि खिडकीबाहेर तलाठ्याकडे बघत बसलात.

आता जे लिहायचं ते तुमच्यासमोर कधी बोलले नाही. गेल्या आषाढात वाती वळता वळता तुम्ही मला म्हणालात, "यंदा गौरी वाईला उभ्या करायच्यात. श्रीरंगला तू सांग. माझं तो हसण्यावारी नेतो, तुझं ऐकतो." मी म्हटलं, सांगते.

आई, मी सांगितलं नाही. एकदाही नाही. तुम्हाला शेवटपर्यंत वाटत राहिलं की लेकच ऐकत नाही. खरी गोष्ट अशी, की मी पुढचं सगळं मनाशी ताडून ठेवलं होतं. तुम्ही वाईला गेलात की तुमच्याजवळ कुणी तरी लागणार. श्रीरंगचं ऑफिस इथलं, त्याला सुटता येणार नाही. मग 'वैशालीचं काय, तिचं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही होतं' असं सगळे म्हणणार. मला वाईच्या त्या दोन खोल्या दिसायला लागल्या, त्यांत तुम्ही आणि मी, आणि बाहेर कुलूप. म्हणून मी गप्प बसले. आपण अडकू नये म्हणून मी तुम्हाला तिसऱ्या मजल्यावर अडकवून ठेवलं. तुम्ही दर चार दिवसांनी विचारायचात, "बोललीस का?" आणि मी म्हणायची, "बोलले, बघतो म्हणाला." इतकं सफाईने खोटं मला बोलता येतं हे मला त्या महिन्यातच कळलं.

मग गौरी इथेच आल्या. तसे मुखवटे तुमच्याबरोबर केव्हाच आले होते. खुब्याला पट्टा असतानाही जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं ते बोचकं विमानात मांडीवर घेऊन बसला होतात तुम्ही. श्रीरंग सकाळीच सियालदहच्या बाजारात गेला आणि सोळा भाज्यांसाठी मिळेल ते घेऊन आला. अंबाडी नव्हती. मायाळू मात्र भारा भरून होता, केळफुलं होती, आणि परवलाला बघून तुम्ही म्हणालात, "हा पडवळाचा धाकटा भाऊ दिसतोय, चालेल." त्या दिवशी तुम्ही खुशीत होतात. मी नव्हते.

माझी सुट्टी नामंजूर झालेली. पहाटेपासून पुरण, वरण, भाज्या. दहाला वर्ग. हाताला जायफळाचा वास, पाठ मोडलेली. एका मुलीने साधी शंका विचारली आणि मी तिच्यावर अशी खेकसले की ती रडली. मग वरिष्ठांचा फोन. तो होईस्तो नैवेद्याला उशीर. सवाष्ण म्हणून बोलावलेली रीनादी भुकेली बसलेली. धान्याच्या डब्यांवर उभ्या केलेल्या दोघी गौरी माझ्या नव्या साड्या नेसून माझ्याकडे बघत होत्या, आणि तुम्ही खुर्चीतून सांगत होतात, की कनिष्ठेचा पदर उजवीकडे जरा उतरलाय.

मी म्हटलं, "आई, तुमच्यामागे हे माझ्याच्याने व्हायचं नाही. हे मुखवटे मी बागबाजारच्या घाटावर नेऊन गंगेत सोडून देईन."

शब्द तोंडातून गेले. श्रीरंग ताट घेऊन दारात उभा होता, तो तसाच मागे फिरला. तुम्ही काठी टेकत उठलात, कनिष्ठेचा पदर स्वतः सारखा केलात.  "रीनाला पान वाढ. ती केव्हाची बसलीय," एवढंच म्हणालात.

तुम्ही भांडला असतात तर बरं झालं असतं. टोमणा मारायला तर तुम्हाला कधी कुणाची परवानगी लागली नव्हती. पण त्यावर तुम्ही अक्षर काढलं नाहीत. वाईचंही पुन्हा विचारलं नाहीत. 'बोललीस का' बंद झालं, आणि त्या न विचारण्याने मला घर खायला उठायचं. थंडी सुरू झाली तसा तुम्हाला दम लागायला लागला. पायांवर सूज. खुर्ची दाराबाहेरून उठून पलंगाशेजारी गेली. लॅपटॉप मात्र मांडीवर असायचा. टक, टक, टक, एका बोटाने.

"अगं, तो प्रोग्राम मी बदललाय. चालवून बघ एकदा," तुम्ही म्हणालात.

मी म्हटलं, "उद्या बघते." कामात होते. खरं सांगायचं तर मला तो एकोणिसावा प्रश्न पुन्हा बघायचाच नव्हता. तुम्ही तीनदा सांगितलंत. तिसऱ्यांदा मी 'उद्या' म्हणायच्या आधीच तुम्ही हात हलवलात, "राहू दे. सवडीने बघ."

त्यानंतर आठवड्याच्या आत तुम्ही गेलात. सकाळची वेळ होती, मी वर्गात होते. दार लोटलेलं होतं.

तेराव्याला साताऱ्याहून आलेल्या उज्ज्वलाताईंनी सगळ्यांसमोर ते बोचकं माझ्या ओटीत घातलं. तुमची लेक तुमच्यासारखीच, कामाला पक्की आणि शब्दाला मोजकी. "यंदा वर्षाच्या आत सण नाही. पुढच्या भाद्रपदापासून तू," म्हणाल्या. "आईला कुणी विचारलं नव्हतं, तिच्या सासूलाही नाही. हे असंच येतं." श्रीरंग माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या बघण्यात विचारणं नव्हतं, नुसती आशा होती, जी मला जास्त जड गेली. मी मान हलवल्याचं मला आठवत नाही. सगळ्यांनी ती हलवली असं धरलं आणि पानं घ्यायची घाई सुरू झाली.

तेव्हापासून ते बोचकं कपाटात आहे आणि मला रात्रंदिवस छातीवर असल्यासारखं वाटतंय. 'नाही' म्हणावं तर तुम्ही नुकत्याच गेलेल्या. 'हो' म्हणावं तर ते माझं नव्हेच, फेऱ्यात दमून म्हटलेलं. आणि गंगेत सोडीन हे बोलून बसलेली मी. तुम्ही ते शब्द बरोबर घेऊन गेलात की इथेच ठेवून गेलात हे कुणाला विचारणार?

काल दुपारी वर्ग संपल्यावर मी तुमच्या खुर्चीत बसले आणि तुमचा लॅपटॉप उघडला.

फाइल तीच. 'घरचं माणूस'. खाली 'मुलगा', 'लेक', 'पाहुणा'. 'सून' होतीच. मी वरती आईच्या कन्स्ट्रक्टरकडे गेले, तो एकोणिसावा प्रश्न बघायची मनाची तयारी करून. तिथे काहीच नव्हतं. एक महिरपी कंस उघडलेला, एक बंद केलेला, मध्ये कोरी जागा. गोत्र नाही, कुलदैवत नाही, फेरा नाही, साधं नावसुद्धा नाही.

मला आधी वाटलं, चुकून पुसलं गेलं असेल. एका बोटाचा कारभार. पण मग आठवलं, की मीच तुम्हाला शिकवलं होतं, कन्स्ट्रक्टर लिहिलाच नाही तरी चालतं, रिकामा एक भाषा आपला आपण देते. म्हणजे नको होता तर तुम्हाला तो सबंध काढून टाकता आला असता. तुम्ही काढला नाहीत. तो ठेवलात, आणि एकेक ओळ पुसून आतून रिकामा केलात, घासून पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखा. तुमचं काम तुम्ही कधी अर्धवट टाकलं नाहीत, हेही टाकलेलं नव्हतं.

नियम तोच राहतो. सून उभी राहायच्या आधी तुमचाच चालणार, मी नाव घेवो न घेवो. तो नियम तुमच्या हातात नव्हता, माझ्याही नाही. आत काय ठेवायचं ते मात्र तुमच्या हातात होतं. तुम्हाला ज्यांनी काही न विचारता बांधलं, त्यांच्यासारखं तुम्ही केलं नाहीत. मी तुम्हाला त्या जिन्यावरून उतरू दिलं नाही, आणि तुम्ही पलंगावर बसून, दम लागत असताना, मला मोकळी करत होतात. आणि मी म्हणत होते, उद्या बघते. आई, मला याची लाज वाटते. ती कुठल्या रकान्यात लिहू?

संध्याकाळी श्रीरंग आल्यावर मी त्याला आषाढाची गोष्ट सांगितली. सगळी, खोटं बोलले त्यासकट.  तो म्हणाला, "मला वाटायचं, तिने नाद सोडला." मग दाखला काढून समोर ठेवला आणि कायमच्या पत्त्याची दुरुस्ती कुठे करतात ते शोधायला लागला. उज्ज्वलाताईंना मी आज फोन केला. म्हटलं, मुखवटे माझ्याजवळ राहतील, चिंच लावून स्वच्छ राहतील, पण भाद्रपदाचं मला आज माहीत नाही, तेव्हा सांगेन. त्या म्हणाल्या, "आईने असं चालवून घेतलं नसतं." मी म्हटलं, "घेतलंय, ताई. लिहून ठेवलंय." त्यांना ते कळलं नाही. भेटल्यावर लॅपटॉप उघडून दाखवीन.

पण कालचं एक उरलंय, ते सांगते आणि थांबते. फाइलच्या अगदी तळाशी तुम्ही एक ओळ लिहून ठेवली होतीत. नवी 'सून' तयार करणारी, पुढे माझं नाव. फक्त कळ दाबायची बाकी होती. दिवेलागणीला मी ती दाबली. पडदा काळा झाला, कोपऱ्यात ती छोटी पांढरी रेघ लुकलुकायला लागली, आणि मी सवयीने हात कळांवर ठेवून पहिल्या प्रश्नाची वाट बघत बसले. खाली गल्लीत शंख वाजला, समोर रीनादीने दिवा लावला. प्रश्न आलाच नाही. सून केव्हाच तयार झाली होती, काही न विचारता.

तरी मी हात उचलले नाहीत. आज एकोणीसच्या एकोणीस विचारले असतेत तरी मी उत्तरं दिली असती, गोत्रासकट, देवी टोचल्या होत्या का यासकट. एक तरी विचारा ना, आई.